शिक्षा, शिस्त आणि गुन्हा : दोन पिढ्यांमधील अपुरा संवाद

‘आम्ही गुरुजींचा मार खाल्ला, वडिलांचाही खाल्ला, आमचे काय वाईट झाले?’ धर्मग्रामातील पालकसभा असो, लग्नाचा मांडव असो वा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात रेंगाळणारा घोळका असो, मुलांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास कानी येतो. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. समोरचे तरुण आईवडील थोडे अवघडतात आणि मग म्हणतात, ‘आम्ही जे सोसले ते आमच्या मुलांनी सोसू नये.’ येथे चर्चा थांबते. आजोबांना वाटते, सून-मुलगा मुलांना डोक्यावर बसवून ठेवत आहेत. मुलाला वाटते, बाबांना आपल्या लहानपणीचे दुःख कधी कळलेच नाही. आणि ज्याच्यावरून हा वाद चालतो तो नातू शांतपणे मोबाइलमध्ये गुंतलेला असतो.

हा वाद केवळ घरगुती असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच्या पोटात एक गंभीर दावा दडलेला आहे : छडी गेली, धाक गेला आणि म्हणून मुले गुन्ह्याकडे वळू लागली. हा दावा कितपत खरा आहे? कायदा काय सांगतो, अभ्यासकांना काय आढळले आहे आणि ख्रिस्तसभेचा अनुभव काय शिकवतो, याचा क्रमाने विचार करण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

एका शब्दाची गोष्ट

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. ‘शिक्षा’ हा संस्कृत शब्द मुळात शिकण्याशी निगडित आहे. हिंदी भाषिक आजही ‘शिक्षा’ म्हणजे विद्या असेच समजतो. मराठीने मात्र ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ अशा दोन वाटा केल्या. एक वर्गात गेली, दुसरी दंडाकडे वळली. लॅटिन भाषेतही असेच काहीसे आहे. ‘डिसिप्लिन’ हा शब्द ज्या कुळातला, त्याच कुळातून ‘शिष्य’ या अर्थाचा शब्द आला. म्हणजे शिस्तीचे मूळ नाते शिष्यत्वाशी आहे, वेदनेशी नाही. ज्या दंडातून मूल काहीच शिकत नाही, त्याला मराठीत शिक्षा म्हणता येईल. मूळ अर्थाने तो ‘शिक्षा’ या नावास पात्र नाही. ही कसोटी आपण मनात ठेवून पुढे जाऊ.

मागच्या पिढीचे जग

मागच्या पिढीला दोष देणे सोपे आहे. तिला समजून घेणे अधिक न्याय्य आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शाळेत अंगठे धरून उभे राहणे, उठाबशा, कान पिळणे, बोटांच्या पेरांवर पट्टीचा फटका हा शालेय दिनक्रमाचाच भाग मानला जाई. घरी तक्रार नेली तर सहानुभूती मिळण्याऐवजी आणखी दोन धपाटे मिळत. पालक शाळेत मूल घालताना गुरुजींना निःसंकोच सांगत, ‘चुकला तर सोडू नका.’

परंतु त्या जगात मार ही एकच गोष्ट नव्हती. घरात आजी-आजोबा होते, काका-काकू होत्या. वाडीतल्या कोणाही वडीलधाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मुलाला हटकण्याचा अधिकार होता आणि तो अधिकार मुलाच्या आईवडिलांना मान्य होता. मूल विहिरीवर गेले, बाजारात गेले, उशिरा परतले, तर ते कोणाच्या तरी नजरेस पडतच असे. वडिलांनी मारले तर आजी पदराखाली घेई. धाकाला मायेचा आणि मायेला देखरेखीचा आधार होता. ‘आम्ही मार खाऊन सुधारलो’ असे जेव्हा वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा ती या सगळ्यातील एकच धागा उचलतात. त्यांना घडविले ते छडीने की त्या शंभर डोळ्यांनी, हा प्रश्न ती स्वतःला सहसा विचारीत नाहीत. शिवाय त्याच छडीमुळे ज्यांनी शाळा कायमची सोडली, ज्यांचे मन आयुष्यभरासाठी दबले, ते या बैठकीत बोलायला उभे राहत नाहीत.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील एक प्रसंग मराठी घरांना परिचित आहे. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारीत विहिरीकडे पाठविते. हा प्रसंग माराच्या समर्थनार्थ पुष्कळदा सांगितला जातो. पण तो तेथे संपत नाही. मारणारी तीच आई नंतर मुलाच्या अंगावरचे वळ पाहून हळवी होते, त्याला जवळ घेते आणि आपण असे का वागलो ते त्याला समजावून सांगते. मुलाच्या मनात आयुष्यभर राहिले ते वळ नव्हेत, तर त्यामागची कळकळ. आपण मात्र प्रसंगातील शिंपटी लक्षात ठेवतो आणि नंतरची जवळीक विसरतो.

राजसत्तेचा वेत

घरातला आणि शाळेतला वेत एकटा नव्हता. सरकारच्या हातीही तो होता. ब्रिटिश राजवटीत 1864 साली फटक्यांच्या शिक्षेचा कायदा झाला. त्यात बालगुन्हेगारांना शाळेच्या शिस्तीच्या धर्तीवर हलक्या वेताचे फटके देण्याची तरतूद होती. कायद्याने शाळेचे उदाहरण द्यावे, ही गोष्ट बोलकी आहे. शाळा आणि तुरुंग यांच्या हातात एकच साधन होते. स्वतंत्र भारताने 1955 साली ही शिक्षा कायद्याने रद्द केली.

त्याच काळात दुसराही विचार रुजत होता. मुंबईत 1857 साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. गुन्हा करणाऱ्या मुलांना प्रौढ कैद्यांत न ठेवता त्यांना एखादा हुन्नर शिकवावा, असा तिचा हेतू होता. पुढे 1897 चा सुधारशाळा कायदा आणि 1924 चा मुंबई बालक कायदा आला. डोंगरी येथील ज्या तुरुंगात 1882 साली टिळक आणि आगरकर यांनी 101 दिवस काढले, त्या जागी नंतर मुलांसाठी निरीक्षणगृह झाले. तुरुंगाची इमारत मुलांचे गृह झाली. परंतु भिंती बदलल्या म्हणजे वृत्ती बदलते असे नाही, याची आठवण अशा संस्थांचा इतिहास पुनःपुन्हा करून देतो.

आजचा कायदा

आज परिस्थिती काय आहे? संयुक्त राष्ट्रसंघाने 1989 साली बालहक्कांचा करार संमत केला. भारताने तो 1992 च्या डिसेंबरमध्ये स्वीकारला. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला साजेशीच असावी, असे त्या कराराने बंधन घातले. दिल्लीच्या शालेय नियमांत शारीरिक शिक्षेला मुभा देणारा नियम होता. तो दिल्ली उच्च न्यायालयाने 1 डिसेंबर 2000 रोजी रद्द ठरविला. त्यानंतर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. ‘मानसिक छळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हात न उचलता वर्गासमोर मुलाचा पाणउतारा करणे, त्याच्या जातीवरून, रंगावरून वा बापाच्या परिस्थितीवरून टोमणा मारणे हेही त्यात येऊ शकते. ही मनाई शिक्षकांचा अपमान करण्यासाठी नाही. त्यांच्या हातातील सर्वांत दुबळे साधन काढून घेऊन अधिक समर्थ साधने वापरावीत, अशी तिची अपेक्षा आहे.

घरासाठी कायदा इतका स्पष्ट नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या संहितेप्रमाणेच नव्या संहितेतही काही संरक्षण आहे. मात्र हे संरक्षण अमर्याद नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली, छळले वा त्याची आबाळ केली आणि त्यामुळे त्याला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वीडनने 1979 साली घरातील माराही कायद्याने बंद केला. असे करणारा तो जगातील पहिला देश. आज अशा देशांची संख्या साठाच्या पुढे गेली आहे.

कायद्यात मनाई आली म्हणून मार थांबला, असे मात्र म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची माहिती घेण्यात आली होती. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. म्हणजे ‘हल्ली मुलांना कोणी हात लावीत नाही’ हे विधान त्या काळी तरी खरे नव्हते. आजही सर्वच घरांना ते लागू पडेल, असे समजण्याचे कारण नाही.

धाक गेला म्हणून गुन्हे वाढले काय?

आता मूळ दाव्याकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2016 साली अल्पवयीनांविरुद्ध 35,849 गुन्हे नोंदले गेले. 2022 साली ही संख्या 30,555 होती. त्या वर्षी देशात नोंदल्या गेलेल्या सर्व दखलपात्र गुन्ह्यांची संख्या अठ्ठावन्न लाखांवर होती. म्हणजे मुलांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नोंद झालेले गुन्हे म्हणजे घडलेले सर्व गुन्हे नव्हेत, हे मान्य. तरीही शाळांतील छडीवर बंदी आल्यानंतर बालगुन्हेगारीचा पूर आला, असे हे आकडे सांगत नाहीत. एखादी भीषण बातमी दूरदर्शनच्या पडद्यावर आठवडाभर फिरत राहते आणि आपल्याला वाटते की सगळीच मुले बिघडली.

माराने गुन्हेगारी आटोक्यात येते काय, याचा शोध इतर देशांनीही घेतला आहे. ब्रिटनमध्ये न्यायालये मुलांना वेताचे फटके देत असत. 1938 साली कॅडोगन समितीने या शिक्षेची छाननी केली. फटक्यांच्या शिक्षेला इतर शिक्षांहून अधिक जरब असल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही आणि तिने ती बंद करण्याची शिफारस केली. 1948 साली ती बंद झाली.

अमेरिकेतील बोस्टन शहरात शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने पाचशे गुन्हेगार मुलांची पाचशे सामान्य मुलांशी तुलना केली. त्यांचा ग्रंथ 1950 साली प्रसिद्ध झाला. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी तीच कागदपत्रे पुन्हा तपासून 1993 साली आपले निष्कर्ष मांडले. मुलाला गुन्ह्याकडे नेणाऱ्या घरांमध्ये तीन गोष्टी ठळकपणे आढळल्या : कठोर पण लहरी शिस्त, देखरेखीचा अभाव आणि आईवडील व मूल यांच्यातील तुटलेले नाते. ‘लहरी’ हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो. आज ज्या चुकीला हसून सोडले, तिच्यासाठीच उद्या पट्ट्याने झोडपले, तर मूल नियम शिकत नाही. ते बापाचा मूड ओळखायला शिकते.

अलीकडच्या काळात एलिझाबेथ गर्शॉफ यांनी 2002 साली 88 अभ्यासांचा आणि सहकाऱ्यासह 2016 साली 75 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मार खाल्लेले मूल त्या क्षणी ऐकते, असे पहिल्या आढाव्यात दिसले. परंतु त्यापलीकडे माराचा संबंध आक्रमकता, समाजविरोधी वर्तन, मानसिक अस्वास्थ्य आणि पालकांशी बिघडलेले नाते यांच्याशीच आढळला. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की अशा अभ्यासांना मर्यादा असतात. हूड मुलांना मार अधिक बसतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरविणे कठीण जाते. क्वचित बसलेल्या धपाट्याने मूल गुन्हेगार होते, असे कोणी जबाबदार अभ्यासक म्हणत नाही. पण मारामुळे मूल दीर्घकाळ सुधारते, हे सिद्ध करण्याचे ओझे आता छडीच्या समर्थकांवर आहे आणि ते त्यांना पेलता आलेले नाही.

तरुण पालकांनी मात्र यावरून विजयी मुद्रा धारण करू नये. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ महिलेने 1960 च्या दशकात पालकांचे तीन प्रकार वर्णिले : हुकूम सोडणारे, सगळे चालवून घेणारे आणि ज्यांच्या अधिकाराला माया व कारणमीमांसा यांची जोड आहे असे. हुकूमशहांप्रमाणेच सगळे चालवून घेणाऱ्या पालकांची मुलेही आत्मसंयमात उणी पडतात, असे तिला दिसले. छडी टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर ती शिस्तीतील सुधारणा नव्हे. तो जबाबदारीचा त्याग होय.

पुण्याने विचारलेला प्रश्न

या त्यागाची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्राने 19 मे 2024 च्या पहाटे पाहिले. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बालन्याय मंडळाने प्रथम ज्या अटींवर त्याला जामीन दिला, त्यांत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि त्यामुळे सर्वत्र संताप उसळला. पुढे आईवडिलांवरही पुरावा दडपण्याचे आरोप ठेवण्यात आले. त्या आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे.

आमचा प्रश्न निराळा आहे. त्या घटनेनंतर ‘अशा मुलांना फोडून काढले पाहिजे’ असे अनेकांनी म्हटले. पण सतराव्या वर्षी हाती येणाऱ्या किल्ल्या सतराव्या वर्षीच्या माराने काढून घेता येत नाहीत. त्या पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षी उच्चारलेल्या आणि पाळलेल्या ‘नाही’ या शब्दाने काढून घ्याव्या लागतात. आपल्याही वाड्या-वस्त्यांत दहावीतला मुलगा दुचाकीवरून क्लासला जातो आणि आईवडील ते कौतुकाने सांगतात. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्याने येथे मुलाच्या आधी बापाला आरशासमोर उभे केले आहे.

सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा किंवा कसे, हे 2015 च्या कायद्यानुसार मंडळाच्या प्राथमिक पडताळणीनंतर ठरते. दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर हा बदल झाला. तरीही अशा मुलाला फाशी वा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. मूल कितीही चुकले तरी त्याच्या परतीचे दार पूर्ण बंद करू नये, हे तत्त्व कायद्याने राखले आहे. उधळ्या पुत्राची कथा ऐकत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला ते परके वाटू नये.

पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेचा अनुभव

‘पण बायबलमध्येच छडीचा उल्लेख आहे ना?’ असे काही श्रद्धावंत विचारतात. होय, आहे. नीतिसूत्रांच्या ग्रंथात छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी ठरतो. त्या वचनांचा अर्थ पातळ करून सांगण्याची गरज नाही. त्या काळी मार हेच सर्वत्र शिस्तीचे साधन होते. पण पवित्र शास्त्र एका वचनावर थांबत नाही. संत पौल इफिसकरांना आणि कलस्सैकरांना लिहिताना बापांना बजावतो की त्यांनी लेकरांना चिरडीस आणू नये, ती खचून जातील असे वागू नये. ज्या काळात रोमन पित्याची कुटुंबावर सर्वाधिकारी सत्ता होती, त्या काळात बापालाच मर्यादा घालणारे हे शब्द क्रांतिकारक होते. आणि प्रभू येशूने तर बालकालाच शिष्यांच्या मध्ये उभे करून त्यांना धडा दिला.

ख्रिस्तसभेच्या परंपरेतही दोन्ही प्रवाह दिसतात. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठातील मुलांना फटके देण्याची मुभा आहे. पण मुलांवर अविचाराने तुटून पडणाऱ्यालाच शासन करावे असेही तीत सांगितले आहे. अकराव्या शतकातील संत अँसल्मची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. एक मठाधिपती त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आला : मठातील मुलांना आम्ही रात्रंदिवस मारतो, तरी ती अधिकच वाईट होतात. अँसल्मने त्याला विचारले, बागेतील रोप चहूबाजूंनी इतके आवळून बांधले की त्याला फांदी पसरायला जागाच उरू नये, तर वर्षभराने ते कसे दिसेल? वेडेवाकडे आणि गुंतलेले, हे उत्तर मठाधिपतीला स्वतःच द्यावे लागले. केळीच्या आणि फुलांच्या वाड्या राखणाऱ्या आपल्या लोकांना हा दृष्टान्त निराळा समजावून सांगायला नको.

आणि मग संत जॉन बॉस्को. 1841 साली धर्मगुरू झाल्यावर संत जोसेफ कफासो यांच्यासह ते ट्युरिनच्या तुरुंगांत जात. धडधाकट, बुद्धिमान पोरे तेथे कुजताना त्यांनी पाहिली. सुटलेली मुले पुन्हा पुन्हा तेथेच परततात, कारण बाहेर त्यांची काळजी घेणारे कोणी नसते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून त्यांची ‘प्रतिबंधक पद्धती’ जन्मली. 1877 साली त्यांनी ती लिहून काढली. चूक झाल्यावर मारण्याऐवजी चूक होण्याआधी मुलासोबत असणे, हे तिचे सार. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन खांब. मुलावर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलाला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बोस्टनच्या अभ्यासकांना कागदपत्रांतून जे दिसले, ते या धर्मगुरूने शंभर वर्षे आधी तुरुंगाच्या दारात पाहिले होते.

परंतु आपल्या परंपरेतील उजेड सांगताना अंधार झाकून ठेवणे योग्य नव्हे. आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालविलेल्या औद्योगिक शाळांत दशकानुदशके मुलांना अमानुष मारहाण झाली, असे तेथील चौकशी आयोगाच्या 2009 च्या अहवालाने उघड केले. कॅनडातील निवासी शाळांत मूलनिवासी मुलांवर जे अत्याचार झाले, त्यांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी 25 जुलै 2022 रोजी त्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. त्या संस्थांमधील पुष्कळ मोठ्या माणसांना आपण शिस्त लावीत आहोत असेच वाटत असेल. शिक्षा करणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नसले, म्हणजे शिक्षेचाच गुन्हा होतो. आज आपल्या शाळा, वसतिगृहे आणि बालकाश्रम यांत मुलांच्या संरक्षणाचे नियम कटाक्षाने पाळावयाचे, ते यासाठी. तो कागदोपत्री सोपस्कार नव्हे.

पोप फ्रान्सिस यांचेच 2015 च्या फेब्रुवारीतील एक भाषण या वादाचे उत्तम उदाहरण आहे. मुलाला चेहऱ्यावर न मारता, त्याची प्रतिष्ठा राखून कधी कधी मारणाऱ्या एका बापाचा उल्लेख त्यांनी कौतुकाने केला आणि जगभरातून त्यावर टीका झाली. पिढ्यांमधील अंतर ख्रिस्तसभेच्या शिरोभागीही असते, हेच त्यातून दिसले. पुढच्याच वर्षी त्यांनी कुटुंबजीवनावर लिहिलेल्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्रात मात्र अधिक सखोल विवेचन आढळते. गैरवर्तनाचे परिणाम असतात हे मुलाला कळावे, दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख त्याला जाणवावे; मात्र सुधारणा रागाच्या भरात होऊ नये आणि मुलाला ती खच्ची करणारी नव्हे तर उभारी देणारी वाटावी, असा त्याचा आशय आहे.

मग करावे काय?

प्रायश्चित्त संस्काराची रचना आपण सारे जाणतो : चुकीची जाणीव, पश्चात्ताप, कबुली, भरपाई आणि समेट. घरातील शिस्तीसाठी याहून चांगला नमुना आम्हांला दिसत नाही. मुलाने आजीच्या पाकिटातून पैसे घेतले असे समजा. दोन थोबाडीत दिल्या तर हिशेब दोन मिनिटांत मिटतो आणि मूल पुढच्या वेळी अधिक सावधपणे चोरी करते. त्याऐवजी त्याने आजीसमोर बसून ‘मी घेतले’ असे सांगावे, ते पैसे खाऊच्या पैशांतून फेडावेत, आणि फेड झाल्यावर आजीने त्याला जवळ घ्यावे व तो विषय पुन्हा कधी काढू नये. हा मार्ग मारापेक्षा सौम्य नाही. तो मुलाला आणि मोठ्यांनाही अधिक कठीण आहे, कारण त्यासाठी वेळ लागतो आणि राग गिळावा लागतो.

या अनुषंगाने काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरातील नियम थोडे असावेत, पण ते आईचे निराळे आणि बाबांचे निराळे असू नयेत. राग आला असताना निवाडा करू नये. रात्री झोपण्यापूर्वी बोलावे. दंड चुकीशी निगडित असावा : दुचाकीचा गैरवापर झाला तर किल्ली जावी, जेवण नव्हे. आजी-आजोबांनी मुलादेखत आईबापांचा निर्णय मोडू नये आणि आईबापांनीही त्यांचा अनुभव अडगळीत टाकू नये. शाळेतून तक्रार आली तर शिक्षकांशी भांडायला जाण्यापूर्वी मुलाला आणि शिक्षकांना दोघांनाही ऐकावे. मात्र मुलाच्या अंगावर वा मनावर वळ दिसले तर गप्प राहू नये. आणि ज्या आईवडिलांचा हात वारंवार उठतो, त्यांनी शरम न बाळगता धर्मगुरूंशी, डॉक्टरांशी वा समुपदेशकांशी बोलावे. अनेकदा तो राग मुलावरचा नसतोच. तो कर्जाचा, दारूचा, नोकरीतल्या अपमानाचा असतो. मूल केवळ हाताच्या अंतरावर सापडते.

धर्मग्रामालाही येथे काम आहे. पूर्वी वाडीतील जे शंभर डोळे मुलांवर होते, ते आता इमारतींच्या बंद दारांआड गेले आहेत. ते पुन्हा उघडता येतील काय? युवासंघ, धर्मशिक्षणाचे वर्ग, मैदान आणि शेजारगट या केवळ कार्यक्रम करण्याच्या जागा न राहता मुलांना ओळखणारी, त्यांची नावे घेऊन हाक मारणारी मोठी माणसे जेथे भेटतात अशा जागा झाल्या, तर जॉन बॉस्को यांची पद्धती आपल्याच अंगणात उभी राहील. निरीक्षणगृहातून परतलेल्या एखाद्या मुलाला आपला समाज कसे स्वीकारतो, हीही आपल्या श्रद्धेची परीक्षाच आहे.

प्रिय वाचकहो, जुन्या पिढीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे : मर्यादेवाचून मूल घडत नाही. नव्या पिढीचेही अर्धे बरोबर आहे : वेदनेतून मर्यादा शिकविता येत नाही. दोन्ही अर्धी सत्ये एकाच जेवणाच्या मेजावर समोरासमोर बसली, तर घराला पूर्ण सत्य गवसण्याची शक्यता आहे. त्यासाठी या आठवड्यात एक साधी गोष्ट करून पाहावी. आजोबांनी नातवाला आपण मार का खाल्ला ते सांगावे आणि त्या वेळी मनात काय दाटून आले होते तेही सांगावे. बाबांनी ते मध्ये न बोलता ऐकावे. आणि तेवढा वेळ सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत असावेत.